टाके निघाल्यानंतरचा खर्च

डोक्याला मार लागलेल्या माणसाला रुग्णालयातून घरी आणले जाते, तो दिवस कुटुंबाला सुटकेचा वाटतो. टाके निघालेले असतात, सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव ओसरलेला दिसतो, डिस्चार्ज कार्डावर प्रकृती स्थिर असल्याचा शेरा असतो आणि रुग्णालयाचे बिल विम्यातून, सरकारी योजनेतून किंवा दागिने गहाण ठेवून कसेबसे भागवलेले असते. नातेवाईक भेटून जातात. खर्चाचा भाग संपला, आता उरली ती विश्रांती, असे सारेच धरून चालतात.

मात्र अनेक घरांत खर्चाचा लांब पल्ला येथूनच सुरू होतो. महिन्या-दोन महिन्यांत रुग्णाच्या वागण्यात काहीतरी वेगळे जाणवू लागते. कधी आवाज न चढवणारा माणूस ताटातल्या मिठावरून भांडतो. पहाटे उठून फिरायला जाणारी बाई दुपारपर्यंत पलंगावर भिंतीकडे पाहत पडून राहते. कोणाला शेजाऱ्यांचा संशय येतो, कोणाला रात्र रात्र झोप लागत नाही, कोणी टीव्हीवरील साधी मालिका पाहताना हुंदके देऊन रडतो आणि क्षणात थांबतो. या साऱ्याला घरात नावे मिळतात ती आळस, हट्ट, लहरीपणा आणि सर्वांत सोपे नाव म्हणजे म्हातारपण. आजार म्हणून त्याची नोंद होत नाही, त्यामुळे त्यावर होणारा खर्चही आजाराचा खर्च म्हणून कोठेच लिहिला जात नाही. मेंदूच्या दुखापतीनंतर येणाऱ्या मानसिक आजाराचा खर्च इतका जड का होतो, याचे उत्तर बऱ्याच अंशी या न झालेल्या नोंदीत आहे.

हे अपवादाने घडते असे नाही. अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथील एका मोठ्या रुग्णालयात डोक्याच्या दुखापतीसाठी दाखल झालेल्या ५५९ प्रौढांचा वर्षभर पाठपुरावा करण्यात आला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ५३ टक्के रुग्ण त्या एका वर्षात केव्हा ना केव्हा वैद्यकीय निकषांत बसणाऱ्या नैराश्याने ग्रासलेले आढळले. त्यांच्यापैकी औषध किंवा समुपदेशन मिळाले ते अवघ्या ४४ टक्क्यांना. ज्या देशात मनोविकारतज्ज्ञांची वानवा नाही तेथील ही स्थिती. आपल्याकडे राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत पाहणी केली (त्यांत महाराष्ट्र नव्हता), तेव्हा उपचारांची गरज असूनही ते न मिळालेल्यांचे प्रमाण निरनिराळ्या मानसिक आजारांसाठी ७० ते ९२ टक्के आढळले होते.

मन आणि मेंदू वेगळे नाहीत

‘डोक्याला लागले ते बरे झाले, आता मनाने खचू नका’ असे आपण रुग्णाला सहज सांगतो. या वाक्यात मन म्हणजे डोक्याबाहेरची काही वस्तू आहे असे गृहीत धरलेले असते. कवटीच्या आतल्या बाजूस, कपाळामागे आणि कानशिलांमागे, हाडाचे खडबडीत उंचवटे असतात. डोके जोरात आपटते तेव्हा मेंदूचा पुढचा व बाजूचा भाग याच उंचवट्यांवर घासतो. राग आवरणे, कामाला सुरुवात करणे, दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून त्याचे मन ओळखणे ही कामे मुख्यतः याच भागांची. शिवाय धक्क्याच्या हिसक्याने मेंदूतील सूक्ष्म तंतू ताणले व तुटले जातात. ते साध्या सीटी स्कॅनमध्ये दिसतीलच असे नाही. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, मग हे नाटक कशाला?’ हा प्रश्न म्हणूनच रुग्णावर अन्याय करणारा आहे.

वैद्यकशास्त्राच्या इतिहासात याचे एक जुने उदाहरण आहे. १८४८ मध्ये अमेरिकेतील व्हरमाँट येथे रेल्वेमार्गासाठी सुरुंग लावताना फिनिअस गेज या मुकादमाच्या गालातून शिरलेली सुमारे एक मीटर लांबीची लोखंडी पहार मेंदूचा पुढचा भाग भेदून टाळूतून बाहेर पडली. तो वाचला, चालू-बोलू लागला, परंतु पूर्वीचा शांत व भरवशाचा मुकादम मात्र परत आला नाही. त्याच्या या बदललेल्या स्वभावाचे वर्णन पाठ्यपुस्तकांत येते. त्याची पुढची हकिकत मात्र क्वचितच सांगितली जाते. गेजने नंतर चिली देशात कित्येक वर्षे घोडागाडी हाकण्याचे काम केले. रोज ठराविक वेळी उठायचे, तेच घोडे, तोच रस्ता. अशा आखीव दिनक्रमात तो सावरला असावा, असे त्याच्या चरित्राचा शोध घेणाऱ्या अभ्यासकांना वाटते. आखीव दिनक्रमाला पैसे पडत नाहीत, म्हणूनच त्याचा येथे उल्लेख केला.

नाव न मिळाल्याची किंमत

आजाराला नाव मिळाले नाही की कुटुंब भलत्या दारांवर खर्च करीत राहते. थकवा आहे म्हणून शक्तीची सलाईन, डोके दुखते म्हणून चष्म्याचा नंबर, झोप नाही म्हणून ओळखीच्या औषधविक्रेत्याकडून झोपेची गोळी, मग पुन्हा एक एमआरआय. त्याच्या जोडीला कोणी बाहेरची बाधा सांगतो आणि तिकडचाही खर्च होतो. या साऱ्या पावत्या एकत्र केल्या तर मनोविकारतज्ज्ञाच्या वर्षभराच्या भेटी आणि औषधे त्यात कितीदा तरी बसली असती, असे हिशेब मांडल्यावर लक्षात येते. तोवर वर्ष गेलेले असते.

काही लक्षणे तर मानसिक वाटतात, पण त्यांचे मूळ साध्या तपासणीत सापडते. त्यांची माहिती प्रत्येक शुश्रूषा करणाऱ्याला हवी.

पहिले, वास जाणे. डोके आपटल्यावर नाकाच्या छताशी असलेले गंधाचे नाजूक तंतू तुटू शकतात. अशा माणसाला आमटीची फोडणी, कैरीचे लोणचे, सकाळचा चहा, सगळे मातीसारखे लागते. तो जेवण अर्धवट टाकतो, वजन उतरते, आणि घरचे म्हणतात याचे मन कशातच लागत नाही. त्याला उदास वाटतही असेल, कारण चवीचे सुख गेलेले असते. गॅसची गळती किंवा नासलेले दूध त्याला कळणार नाही, हा धोका तर वेगळाच. डोळे मिटून कॉफी, साबण आणि लवंग ओळखायला सांगितले तर घरीच अंदाज येतो.

दुसरे, औषधामुळे येणारा राग. डोक्याला मार लागल्यावर आकडी येऊ नये म्हणून अनेकदा लेव्हेटिरासिटॅम हे औषध दिले जाते. ते उपयुक्त औषध आहे, परंतु काही जणांत त्यामुळेच चिडचिड, आक्रमकपणा किंवा उदासी येते. आकडी कधीच न आलेल्या रुग्णाला ते केवळ प्रतिबंधासाठी दिले असेल, तर सामान्यतः पहिल्या सात दिवसांसाठी त्याचा उपयोग मानला जातो; पुढे ते लिहिलेल्या चिठ्ठीवर महिनोन् महिने चालू राहते, कारण कोणी विचारत नाही. ‘हे औषध अजून किती दिवस?’ एवढा प्रश्न न्यूरोसर्जनना पुढच्या भेटीत विचारावा. आपल्या मनाने ते बंद मात्र कदापि करू नये, कारण अचानक बंद केल्यास आकडी येऊ शकते.

तिसरे, मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीला बसलेला धक्का. तिची संप्रेरके कमी पडली की कमालीचा थकवा व उत्साहहीनता येते आणि ते हुबेहूब नैराश्यासारखे दिसते. थायरॉइड, कॉर्टिसोल आणि सोडियम यांच्या रक्ततपासण्या कराव्यात का, हे डॉक्टरांना विचारण्यासारखे आहे.

याखेरीज नैराश्य आणि निरिच्छता यांतला भेदही समजून घ्यायला हवा. नैराश्यात माणूस दुःखी असतो, स्वतःला दोष देतो, मरणाचे विचार बोलून दाखवतो. निरिच्छतेत तो दुःखी नसतोच. त्याला कशाची सुरुवात करता येत नाही. हात धरून उठवले तर तो फिरायला येतो, हसतो, परत आल्यावर पुन्हा बसून राहतो. त्याला ‘आळशी’ म्हणणे चूक तर आहेच, पण त्याला आपोआप नैराश्याच्या गोळ्या सुरू करणेही पुष्कळदा निष्फळ ठरते. त्याला हवे असते ते बाहेरून मिळणारे चलन, म्हणजे वेळापत्रक, गजर आणि सोबत.

सत्तरीनंतरचे पडणे

या पाक्षिकाच्या ज्येष्ठ वाचकांसाठी एक गोष्ट विशेष सांगायची आहे. वयानुसार मेंदू थोडा आक्रसतो आणि कवटी व मेंदू यांमधील शिरा ताणलेल्या राहतात. न्हाणीघरात पाय घसरून किंवा पलंगाच्या कडेला डोके लागून बसलेल्या किरकोळ धक्क्यानेही त्यांतली एखादी शीर फाटते आणि रक्त थेंबाथेंबाने साचत जाते. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांत ही शक्यता अधिक. त्या दिवशी काहीच जाणवत नाही. दोन-तीन आठवड्यांनी, कधी त्याहूनही उशिरा, माणूस गोंधळल्यासारखा वागू लागतो, झोपाळू होतो, चालताना एका बाजूला झुकतो, नातवंडांची नावे चुकवतो. घरचे म्हणतात विसरभोळेपणा सुरू झाला. तोवर पडल्याची आठवण कोणालाही राहिलेली नसते.

हा साचलेल्या रक्ताचा आजार एका सीटी स्कॅनमध्ये कळतो आणि कवटीला लहान छिद्रे पाडून रक्त काढल्यावर अनेक रुग्ण लक्षणीय सुधारतात. तोच ‘वार्धक्यातला बुद्धिभ्रंश’ म्हणून स्वीकारला गेला, तर वर्षानुवर्षांच्या मदतनिसाचा खर्च घराच्या माथी बसतो. म्हणून वृद्ध माणसाच्या वागण्यात काही आठवड्यांत झपाट्याने बदल झाला, तर गेल्या तीन महिन्यांत तो कोठे पडला होता का, याची आठवण सर्वांनी मिळून करावी व ती डॉक्टरांना सांगावी. दिनदर्शिकेवर ‘आज पडले’ एवढे लिहून ठेवण्याची सवय फार उपयोगाची आहे.

पैसा जातो कोठे?

मानसिक उपचार महाग असतात, अशी समजूत आहे. शहरांतील खासगी तज्ज्ञांची फी पाहता ती अगदीच निराधार नाही. परंतु नैराश्यावरची नेहमीची औषधे जेनेरिक स्वरूपात स्वस्त आहेत. जनऔषधी केंद्रांत त्यांची किंमत नामांकित कंपन्यांच्या औषधांच्या तुलनेत निम्म्याने किंवा त्याहूनही कमी असते. वर उल्लेखिलेल्या सर्वेक्षणात कुटुंबांनी सांगितलेला मासिक खर्च हजार ते दीड हजार रुपयांचा होता, आणि त्यात औषधांच्या बरोबरीने प्रवासखर्च होता. तालुक्याच्या गावाहून जिल्ह्याच्या ठिकाणी रुग्णाला घेऊन यायचे तर एसटीत तो बिथरेल म्हणून खासगी गाडी करावी लागते, सोबत दोन माणसे लागतात, आणि त्या दोघांचा रोज बुडतो.

खरा भार येतो तो उपचारांच्या बाहेर. ब्युरोकडून दिवसपाळीला व रात्रपाळीला माणूस ठेवणे हा त्यातला सर्वांत मोठा आकडा. रुग्ण अर्धांगाने पडून असेल तर मदतनीस टिकतो. तो शिव्या देणारा, हात उगारणारा किंवा संशय घेणारा असेल तर महिन्यात तीन मदतनीस बदलतात आणि प्रत्येक वेळी ब्युरोचे शुल्क नव्याने भरावे लागते. मग घरातली सून किंवा लेक नोकरी सोडते. तिचा बुडालेला पगार हा खर्च आहे हे कोणीच म्हणत नाही, तीही म्हणत नाही. कमावता माणूसच रुग्ण असेल तर गोष्ट आणखी बिकट होते. हातापायांनी धडधाकट झालेला माणूस कामावर रुजू होतो, वरिष्ठांशी भांडतो, हिशेबात चुका करतो आणि काही महिन्यांत घरी बसतो. पायाचा लंगडेपणा लोकांना दिसतो, हा दिसत नाही, म्हणून त्याला सहानुभूतीही मिळत नाही.

त्यात भर पडते ती शारीरिक उपचारांच्या वाया जाण्याची. निराश माणूस फिजिओथेरपीला उठत नाही, मधुमेहाच्या गोळ्या चुकवतो, दारूकडे वळतो, पुन्हा पडतो. दुसऱ्यांदा डोक्याला लागते. मानसिक आजारावर उपचार न केल्याचा खर्च अस्थिरोग विभागाच्या बिलात दिसतो, तो असा.

कागदावरची एक ओळ

आता विम्याकडे वळू. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये स्पष्ट तरतूद आहे की शारीरिक आजारांना ज्या आधारावर वैद्यकीय विमा मिळतो त्याच आधारावर तो मानसिक आजारांनाही मिळाला पाहिजे. विमा नियामक प्राधिकरणाने २०१८ मध्ये कंपन्यांना तशा सूचना दिल्या. दावा नाकारला गेलेल्या एका विमेदार महिलेच्या बाजूने निकाल देताना दिल्ली उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये या समानतेचीच आठवण करून दिली. तेव्हा ‘मानसिक आजार पॉलिसीत बसत नाही’ एवढेच उत्तर मिळाले तर ते निमूटपणे मान्य करू नये. आधी कंपनीच्या तक्रार निवारण विभागाकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे जाता येते. त्यांची कार्यालये मुंबई व पुणे येथेही आहेत आणि तक्रारीला शुल्क नाही.

पण या समानतेची एक गंमत आहे, आणि ती कडू आहे. बहुतेक पॉलिसी शारीरिक आजारांसाठीही रुग्णालयात दाखल झाल्याशिवाय पैसे देत नाहीत. नैराश्य, चिडचिड, निद्रानाश यांवरचे उपचार मात्र जवळजवळ सारे बाह्यरुग्ण विभागात होतात. त्यामुळे समानता मिळाली ती बरीचशी काहीच न मिळण्यातली. सरकारी योजनांचाही रोख असाच आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचे संरक्षण आता पाच लाखांपर्यंत आहे. २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील ज्येष्ठांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान भारत योजनेतून कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांचे संरक्षण मिळते. रस्ते अपघातातील जखमींसाठी केंद्राने २०२५ मध्ये अधिसूचित केलेल्या योजनेत दीड लाखापर्यंतचे विनारोकड उपचार अपघातापासून सात दिवसांपर्यंत आहेत. या योजनांनी अनेकांचे प्राण वाचतील, यात शंका नाही. त्या पहिल्या आठवड्याकडे पाहतात. आपण ज्या खर्चाविषयी बोलत आहोत तो चौथ्या महिन्यात सुरू होतो.

पॉलिसीत रुग्णालयातून आल्यानंतरच्या खर्चाचीही मुदत असते, बहुधा ६० किंवा ९० दिवसांची. या काळात मनोविकारतज्ज्ञांकडे गेलात आणि त्यांनी चिठ्ठीवर ‘मेंदूच्या दुखापतीनंतर उद्भवलेले नैराश्य’ असे लिहिले, तर तो खर्च मूळ दाव्याशी जोडून मागता येतो. नुसते ‘नैराश्य’ असे लिहिलेले असेल तर कंपनी तो वेगळा आजार मानणार. या एका ओळीसाठी डॉक्टरांना विनंती करण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. जे खरे आहे तेच त्यांना लिहायचे आहे.

रस्ते अपघात असेल तर या ओळीचे मोल आणखी वाढते. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाई मागताना झालेल्या बिलांखेरीज पुढील उपचार, बुडणारी कमाई आणि मदतनिसाचा खर्च मागता येतो. परंतु सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये एका महत्त्वाच्या निकालात सांगितले आहे की भविष्यातील कमाई व भविष्यातील उपचार यांसाठीची रक्कम गंभीर दुखापतीत, आणि तीही विशिष्ट वैद्यकीय पुराव्याच्या आधारे द्यायची असते. असा पुरावा असेल तर न्यायालये हात आखडता घेतात असे नाही. ट्रॅक्टर अपघातात मेंदूला कायमची इजा झालेल्या हरयाणातील एका मुलीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये केवळ मदतनिसांच्या खर्चापोटी २१ लाख ६० हजार रुपये मंजूर केले. महिन्याचा खर्च धरून तिच्या पुढच्या आयुष्याचा हिशेब करण्यात आला होता. कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार दाव्याचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करायचा असतो, आणि मनाचे विकार तर कधी कधी त्यानंतर उघड होतात. म्हणून अर्ज वेळेत करावा आणि भविष्यातील मानसिक उपचारांची मागणी त्यात पहिल्यापासून नमूद करण्यास वकिलांना सांगावे. तडजोडीची घाई करणारे पुष्कळ भेटतात. मेंदूची दुखापत कोठवर सुधारते याचा अंदाज यायला वर्ष तरी जाऊ द्यावे लागते, हे त्यांना ऐकवावे.

दिव्यांगत्वाचा दाखला हा तिसरा कागद. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील २१ प्रकारांत मेंदूची दुखापत स्वतंत्रपणे नाही, परंतु मानसिक आजार आहे. दुखापतीनंतरच्या मानसिक आजारामुळे येणारे अपंगत्व ४० टक्के किंवा अधिक ठरले तर त्या आधारे शासकीय रुग्णालयातून दाखला मिळू शकतो. अवलंबून असलेल्या अशा व्यक्तीच्या देखभालीसाठी आयकराच्या जुन्या पद्धतीत ७५ हजारांची, आणि अपंगत्व ८० टक्के किंवा अधिक असल्यास सव्वा लाखाची वजावट मिळते. दाखल्यावर ‘मानसिक आजार’ हे शब्द येतील म्हणून अनेक कुटुंबे त्याच्या वाटेला जात नाहीत. मुलीच्या लग्नाची काळजी असते, समाजाची असते. ती खोटी नाही. पण तिची किंमत दरवर्षी भरावी लागते, हे निर्णय घेताना समोर असावे.

डॉक्टरांकडे जाताना

रुग्ण स्वतः डॉक्टरांसमोर अगदी नीट वागतो आणि ‘मला काहीही झालेले नाही’ असे सांगतो, ही तक्रार फार ऐकू येते. तो खोटे बोलत नसतो. स्वतःतला बदल जाणण्याची शक्तीच काहींच्या बाबतीत दुखावलेली असते. म्हणून घरच्यांनी एक वही ठेवावी. झोप किती झाली, राग केव्हा व कशावरून आला, जेवण किती घेतले, कोणती गोळी सुरू अथवा बंद झाली, हे तारखेसह दोन ओळींत लिहावे, आणि शेवटच्या पानावर पैशांचा हिशेब, गाडीभाडे व मदतनिसाच्या पगारासह. ही वही डॉक्टरांना निदानासाठी उपयोगी पडते, आणि पावत्यांसोबत न्यायाधिकरणात वकिलांनाही.

‘मनोविकारतज्ज्ञ’ या शब्दाला रुग्ण बिचकत असेल तर झोपेच्या किंवा डोकेदुखीच्या तक्रारीसाठी जाऊ, असे म्हणावे; तेही खरेच असते. आपल्या आधीच्या दुखापतीची माहिती, डिस्चार्ज कार्ड आणि सर्व औषधांची यादी सोबत हवी, कारण दुखावलेला मेंदू औषधांना हळवा असतो. काही जुनी नैराश्यविरोधी औषधे आकडीची शक्यता वाढवतात. झोपेच्या व घबराटीच्या काही गोळ्यांनी गोंधळ आणि पडण्याचा धोका वाढतो. हल्ली नैराश्यासाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या औषधांनी वृद्धांचे सोडियम घटू शकते, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांसोबत ती घेतल्यास रक्तस्रावाची शक्यता वाढते. सुरुवात कमी मात्रेने व्हावी आणि दोन आठवड्यांत फरक दिसला नाही म्हणून धीर सोडू नये. या औषधांना चार ते सहा आठवडे लागतात.

खासगी तज्ज्ञ परवडत नसतील तर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमांतर्गत जिल्हा रुग्णालयांत तपासणी व औषधांची सोय आहे. ठाणे, पुण्यातील येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथे राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत आणि त्यांचे बाह्यरुग्ण विभाग भरतीसाठी नसलेल्यांनाही खुले असतात. गोव्यात बांबोळी येथे मानसोपचार व मानवी वर्तन संस्था आहे. केंद्र शासनाची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य व मराठीतूनही मिळते. रुग्ण मरणाची भाषा बोलू लागला तर त्याला दटावू नये व एकटे सोडू नये. औषधांचा डबा आणि शेतीघरात असतील ती कीटकनाशके कुलपात ठेवून त्याच दिवशी मदत घ्यावी. मेंदूच्या दुखापतीनंतर आत्महत्येचा धोका सामान्यांपेक्षा अधिक असतो.

हाच क्रमांक शुश्रूषा करणाऱ्यांसाठीही आहे. रात्रपाळी करणारी पत्नी, नोकरी सोडलेली लेक, सत्तरीतला भाऊ यांची झोप, रक्तदाब आणि रडू येण्याच्या वेळा त्याच वहीत वेगळ्या पानावर लिहाव्यात. रुग्णाला घेऊन तज्ज्ञांकडे जाल तेव्हा तेही पान त्यांना दाखवा.